सत्तावीस किलोचं डोकं आणि हजार विड्या

ते चित्र तुम्ही बघितलंच असणार. मोबाईलमध्ये बघणाऱ्या एकाच माणसाची पाच डोकी ओळीने काढलेली, पहिलं ताठ, पुढचं प्रत्येक जरा जास्त वाकलेलं, आणि खाली वजनं लिहिलेली. ५ किलो, १२ किलो, १८, २२ आणि शेवटच्या हनुवटी छातीला टेकवलेल्या डोक्याखाली लाल अक्षरात २७. वर 'सावधान!!' आणि खाली 'पुढे पाठवा'. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर ते दर थोड्या महिन्यांनी कुणीतरी टाकतंच, मग त्यावर हात जोडल्याचे दहा-बारा इमोजी येतात आणि त्यानंतर लगेच कुठलीतरी माहिती आजच्या आज भरून पाठवा असा मेसेज येतो, तीही मोबाईलवरच भरायची असते.

मला त्या चित्राचा राग का येतो ते सांगायचंय, पण आधी हे सांगते की ते चित्र खोटं नाहीये. न्यूयॉर्कमधले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली एक छोटा पेपर लिहिला, हे आकडे त्यातले. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते साडेपाच किलोचं. मान सरळ असली की मानेच्या मणक्यांवर जवळपास तेवढाच भार. १५ अंश वाकली की १२ किलो, ३० ला १८, ४५ ला २२ आणि ६० अंशाला २७. डोकं काही जड होत नाही, ते तेवढंच राहतं, फक्त ते मणक्यापासून जितकं पुढे जातं तितकं मागच्या स्नायूंना जास्त ओढून धरावं लागतं आणि त्या ओढण्याचा दाब मणक्यांवर येतो. भरलेली बादली अंगाशी धरून चाला आणि मग तीच हात लांब करून धरून बघा, म्हणजे कळेल. मुळात आपलं डोकं सरळ मानेवरसुद्धा किंचित पुढेच झुकलेलं असतं, त्याच्या वजनाचा मध्य मानेवरच्या सांध्याच्या थोडा पुढे येतो. म्हणून तर पुणे-सोलापूर एसटीत टेंभुर्णी येईपर्यंत अर्ध्या गाडीची डोकी छातीवर पडलेली असतात, झोपेत मागचे स्नायू सैल झाले की डोकं आपलं आपण पुढे जातं.

तर गणित बरोबर आहे. पण हे कॉम्प्युटरवर केलेलं मॉडेल होतं, कुणाच्या मानेत काही लावून मोजलेलं नव्हतं, आणि अमुक किलो भार आला म्हणजे मान दुखणारच असं त्या आकड्यांतून निघत नाही. मानेचे स्नायू भार उचलायलाच असतात. आणि मुख्य म्हणजे त्या चित्रात वेळ कुठेच नाही. २७ किलो, पण किती वेळ? बुटाची लेस बांधताना दहा सेकंद की रात्री अकरा ते दीड? आणि अजून एक, ते डोकं कुणाचं आहे हेही त्यात नाही. चित्रात नेहमी एक गोरा, तरुण, शर्ट घातलेला पुरुष असतो.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या, अजून राहतात. त्या भागात तेलुगू घरं भरपूर, पुरुष मागावर आणि बायका विड्या वळायला, हे कितीतरी घरांचं गणित. अक्का पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरायच्या आणि रात्री सगळ्यांचं आवरून शेवटी पाठ टेकायच्या, आणि मधला दिवस भिंतीला टेकून, पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन. सुपात एका बाजूला तंबाखू, एका बाजूला रात्री भिजवून ठेवलेली आणि मापाने कापलेली तेंदूची पानं. पान उचललं, चिमूटभर तंबाखू पसरली, वळलं, तोंड दाबलं, दोरा गुंडाळला, झालं, पुढचं पान. हात इतके जोरात चालायचे की मला लहानपणी ते जादूसारखं वाटायचं, पण हातांच्या वरचं सगळं म्हणजे खांदे, मान, डोकं, ते तासन्‌तास एका जागी. मी काही कोनमापक घेऊन बसले नव्हते पण त्या चित्रातल्या चौथ्या आणि पाचव्या डोक्याच्या मधे कुठेतरी अक्कांचं डोकं असायचं, रोज, वर्षानुवर्षं, रविवार सोडला तर.

विडीची मजुरी हजारावर मिळते. हजार विड्या वळल्या की अमुक रुपये. संध्याकाळी त्या नेऊन द्यायच्या, तिथे तपासतात, खराब निघाल्या तर त्या बाजूला काढतात आणि त्यांचे पैसे नाहीत. म्हणजे मान वर केली की तेवढ्या विड्या कमी, आणि घाई केली की खराब. या बायकांच्या तंबाखूच्या धुळीबद्दल थोडंफार बोललं तरी जातं, खोकला, छाती वगैरे. मानेबद्दल कुणी बोललेलं मी लहानपणी ऐकलं नाही. रात्री अक्कांची मुलगी त्यांच्या खांद्यावर पाय देऊन उभी राहायची, तवा गरम करून फडक्याने शेक द्यायची, मग झंडू बामचा वास, आणि सकाळी परत सूप.

येवल्याला पैठणीच्या मागावर बसणारे, सराफ्यातले कारागीर, घड्याळं दुरुस्त करणारे, शिवणकाम करणाऱ्या बायका, कोकणात लावणीला चिखलात दिवसभर वाकलेल्या, दहावीचे पेपर तपासणाऱ्या आम्ही. माणसाची मान खाली घालायला २००७ साली आयफोन यावा लागला नाही. पण 'टेक्स्ट नेक', म्हणजे मेसेज टाईप करून दुखणारी मान, हे नाव आलं ते फोननंतर, फ्लोरिडातल्या एका कायरोप्रॅक्टरने (हाताने मणके दाबून उपचार करणाऱ्याने) ते चालवलं आणि मग जगभरच्या पेपरांत ती साथ असल्यासारखं छापून यायला लागलं. अंगठ्याचंही तेच. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येते, बरणीचं झाकण उघडता येत नाही, त्याचं नाव डी क्वेरव्हेन, त्याच नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये वर्णन केलेलं दुखणं. आता त्याला मोबाईलचा अंगठा म्हणतात. हे दुखणं तान्ह्या बाळाला सतत काखेत हात घालून उचलणाऱ्या आयांना फार होतं, आणि त्याच काळच्या इंग्रजी वैद्यकीय पुस्तकांत तर त्याला धोबिणीचा लचका म्हणायचे, कपडे पिळून पिळून होणारा. तेव्हा कुणी त्यावर साथ बिथ आली म्हणून मथळे छापले असतील असं मला वाटत नाही.

मथळ्यांवरून आठवलं, २०१९ च्या जूनमध्ये 'मोबाईलमुळे तरुणांच्या डोक्याला शिंगं फुटतायत' ही बातमी आली होती. आपल्याकडेही सगळ्या चॅनेलवर. ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी एक्स-रे बघून लिहिलं होतं की कवटीच्या मागे खालच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा असतो (हात लावून बघा, तुम्हालाही आहे) तो तरुण लोकांत मोठा दिसतोय. ते एक्स-रे ज्यांचे होते ते लोक फोन किती वापरतात हे त्यांनी मोजलेलंच नव्हतं! फोनचा अंदाज त्यांनी बाहेरून जोडला. पुढे कळलं की दोघांतल्या एकाचा पोश्चर सुधारणाऱ्या उशा विकण्याचा व्यवसाय आहे, आणि त्याच नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. दुरुस्तीचा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

फोनने मान दुखते की नाही मग? दुखते, माझी दुखली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्हा शिक्षकांची शाळाच फोनमध्ये गेली. तास फोनवर, वह्यांचे फोटो फोनवर, साठ मुलांचे साठ अंधारे फोटो दोन बोटांनी मोठे करून करून बघायचे, पालकांचे फोन, मीटिंग, आणि सगळं संपलं की जरा विरंगुळा म्हणून परत फोन. काही महिन्यांत उजवीकडे खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात एक गाठ आल्यासारखं झालं, तिथे अंगठा दाबला की बरंही वाटायचं आणि जीवही जायचा. सकाळी मान आखडलेली, स्कूटर चालवताना मागे वळून बघता यायचं नाही, आख्खं अंग वळवायला लागायचं. दुपारनंतर कवटीच्या मागून निघून डोळ्याच्या वर येणारी डोकेदुखी.

एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये मानेची नैसर्गिक कमान कमी झाली आहे आणि एका ठिकाणी थोडी झीज असं लिहून आलं. घरी रडारड. मणक्यात गॅप आला म्हणे, आता पट्टा लागणार, कुणीतरी ऑपरेशनपर्यंत पोचलं. सासूबाईंनी उशी काढून घेतली. मग ज्या फिजिओथेरपिस्ट ताई मला मिळाल्या त्यांनी रिपोर्ट बघितला, घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, चाळिशीत केस पिकतात तसं हे, याच्यावरून दुखणं कळत नाही. नंतर मी शोधून वाचलं तर जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांचं एमआरआय केलं होतं आणि त्यातल्या ८७.६ टक्के लोकांत मानेच्या मणक्यातली चकती थोडीतरी बाहेर आलेली निघाली. विशीतल्या मुलामुलींतसुद्धा चारात तिघांची. त्यांना काही दुखत नव्हतं, आणि रिपोर्ट हातात आला नसता तर कधी कळलंही नसतं.

ताईंनी मला ताठ बस असं एकदाही सांगितलं नाही, आणि मी तेच ऐकायच्या तयारीने गेले होते. त्या विचारत होत्या ते वेगळंच. सलग किती वेळ? मधे उठता का? झोप किती? शाळेत टेन्शन आहे का? व्यायाम करता का, म्हणजे वजन वगैरे उचलता का? (वजन? मी? पंधरा किलो गव्हाचं पोतं सोडून?) मग त्यांनी स्नायू समजावले. तो फऱ्याचा कोपरा म्हणजे लेव्हेटर स्कॅप्युली नावाच्या स्नायूचं खालचं टोक, तो मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून तिथे येतो, डोकं पुढे गेलं की त्याला धरून बसावं लागतं, आणि टेन्शनमध्ये आपण खांदे वर ओढतो तेव्हाही तोच. कवटीच्या बुडाशी छोट्या स्नायूंच्या चार जोड्या असतात, त्या आखडल्या की डोकं दुखतं. आणि मान अगदी पूर्ण खाली सोडली, छातीला टेकेपर्यंत, तर मागचे मोठे स्नायू जवळपास काम थांबवतात आणि डोकं नुसतं हाडं जोडणाऱ्या अस्थिबंधांवर लोंबकळतं, त्यामुळे थोडा वेळ आराम वाटतो पण तसंच राहिलं की ते बंध हळूहळू ताणत जातात आणि उठताना मान कुरकुरते.

यातलं मला सगळ्यात जास्त डोक्यात राहिलं ते बारीक तंतूंचं. स्नायू हलकं काम करत असतो तेव्हा त्यातले सगळे तंतू काम करत नाहीत. सगळ्यात लहान, कमी ताकदीचे आधी कामाला लागतात, काम वाढलं तर मोठे येतात, आणि काम कमी झालं की मोठे आधी सुटतात, लहान मात्र स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत चालूच. म्हणजे काम अगदी हलकं असलं, नुसतं डोकं धरून बसायचं असलं, तरी ते तासन्‌तास चाललं तर तेच तेच बिचारे तंतू राबतात, पाळी बदलत नाही. स्वीडनच्या गोरान हेग या संशोधकाने १९९१ मध्ये ही कल्पना मांडली आणि तिला परीकथेतल्या सिंड्रेलाचं नाव दिलं, सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर झोपणारी. ही कल्पनाच आहे, सगळं दुखणं यानेच होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण मी ते वाचलं तेव्हा फोन खाली ठेवला आणि सोलापूरला फोन लावला.

आता संशोधनाचं थोडक्यात. ब्राझीलमध्ये रिओच्या एका शाळेतल्या १८ ते २१ वर्षांच्या १५० जणांचे फोनवर टाईप करतानाचे फोटो फिजिओथेरपिस्टांना दाखवले, मान कुणाची वाकडी ते त्यांनी ठरवलं आणि मग बघितलं की वाकडीवाल्यांची जास्त दुखते का. २०१८ ला छापलं, संबंध निघाला नाही. २०२१ मध्ये ५८२ मोठ्या माणसांवर मानेचा कोन मोजून तोच प्रश्न विचारला, उत्तर तेच. स्वीडनमध्ये सात हजारांवर तरुणांना पाच वर्षांनी परत गाठलं. तिथे खूप टेक्स्ट करणाऱ्यांत मानेचं दुखणं जास्त होतं खरं, पण ज्यांचं सुरुवातीला काही दुखत नव्हतं त्यांच्यात पाच वर्षांनी टेक्स्टिंगमुळे मानेचं दुखणं उभं राहिलं असं काही ठळक दिसलं नाही, बोटांच्या मुंग्यांशी मात्र थोडा संबंध दिसला. म्हणजे कोनापेक्षा सलगपणा बघा असं माझ्या सामान्य डोक्याला यातून समजतं. आणि तरी शाळेत आम्ही मुलांना काय सांगतो, ताठ बसा. ताठ बसूनसुद्धा चाळीस मिनिटं हलायचं नाही ही शिक्षाच आहे, बाकांवर मुलं चुळबूळ करतात तेव्हा मी आता ओरडत नाही (मुख्याध्यापिका बाई हे वाचत नसाव्यात).

तर सोलापूरला फोन लावला तेव्हा अक्कांनी सांगितलं की त्याही डॉक्टरकडे जाऊन आल्या. मान, खांदा, हाताला मुंग्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले मोबाईल कमी बघा. चाळीसेक वर्षं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला. फोन त्यांना नातवाने घेऊन दिलाय, त्यावर त्या रात्री तेलुगू सिरियल बघतात. मला हसावं का चिडावं कळेना. अक्कांना मात्र राग नव्हता, त्या म्हणाल्या, "मोबाईल बघताना तर आडवी असते की मी. तेवढंच पाठीला बरं वाटतंय."

डॉक्टरांचीही चूक म्हणवत नाही, त्यांच्या दारात सकाळी पन्नास माणसं, आणि सगळ्या दुखण्याला सध्या एकच आरोपी हातात सापडतो. पण असं झालं की विडीचा हजाराचा दर, न मिळणारी विश्रांती, तपासनीसाची छाटणी, आमच्याकडे रात्री अकराला येणारी तातडीची माहिती, हे सगळं सुटतं आणि दोष येतो बाईच्या बसण्यावर नाहीतर बाईच्या सिरियलवर. ते २७ किलोचं चित्र मला आवडत नाही ते यासाठी. माझ्या मानेचा अर्धा त्रास माझ्या फोनचा असेल, पण त्या फोनवर जे येतं त्यातलं निम्मं मी मागवलेलं नसतं.

माझी मान बरी कशाने झाली ते सांगायला हवं, कारण ते ऐकून लोकांची निराशा होते. रबरी पट्ट्याने. डेन्मार्कमध्ये मान-खांदा दुखणाऱ्या १९८ ऑफिसवाल्यांवर प्रयोग झाला होता, २०११ ला छापलेला. काहींना रोज फक्त दोन मिनिटं लवचिक ट्यूब पायाखाली धरून हात बाजूला वर उचलायचा व्यायाम, काहींना बारा मिनिटं, काहींना नुसती माहिती. दहा आठवड्यांनी दोन मिनिटंवाल्यांचंही दुखणं चांगलंच कमी झालं होतं. ताईंनी मला तोच पट्टा, शिवाय खिडकीच्या गजाला बांधून मागे ओढायचा प्रकार, आणि हनुवटी सरळ मागे घेण्याचा व्यायाम दिला, ज्याने दुहेरी हनुवटी दिसते म्हणून मी तो बाथरूममध्ये करते. मालिश, शेक याने बरं वाटतं, जरूर घ्या, पण दोन दिवसांनी परत तेच. स्नायूला ताकद आली की तेवढंच डोकं त्याला हलकं पडतं. आणि फोनचं म्हणाल तर मी तो सोडलेला नाही, फक्त कॉल आला की उठून चालत बोलते, वह्यांचे फोटो आता लॅपटॉपवर उघडते, आणि रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, म्हणजे दीडपर्यंत वाचायचं तर ओट्याशी उभं राहून वाचावं लागेल. ते कुणी करत नाही.

एक मात्र गंभीरपणे सांगते, सगळंच व्यायामावर सोडायचं नसतं. हाताला सतत मुंग्या किंवा बधिरपणा, हातातून वस्तू पडायला लागणं, शर्टाची बटणं लावताना अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पडल्यानंतर किंवा तापासोबत मान दुखणं, यातलं काहीही असलं तर पट्टा बिट्टा राहू द्या आणि हाडांच्या नाहीतर मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा, लगेच.

अक्कांच्या मुंग्यांमुळेच मी त्यांच्या मागे लागले होते. शेवटी नातवाने मोठ्या दवाखान्यात नेलं, नस थोडी दबलीय पण ताकद गेलेली नाही, हळूहळू व्यायाम करू शकतात असं तिथे सांगितलं. मग मी पिवळा पट्टा पाठवला, चांगला मऊ असतो तो, आणि व्हिडिओ कॉलवर करून दाखवला. अक्का बघत होत्या, सूप मांडीवर, हात चालूच. मी म्हटलं, अक्का, दोनच मिनिटं, आत्ता करा माझ्यासमोर.

"करते गं पोरी," म्हणाल्या. "दोनशे राहिलेत, तेवढे होऊ दे."